सिंहगड पुरे झाला, बोपदेव धरा!

घाटवेडा: गेली 6 वर्षं रविवारी पहाटे सायकल काढतोय, आता मत पक्कं झालंय. पुण्याच्या सायकलवाल्यांनी रविवारचा सिंहगड सोडावा. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरपर्यंत मोटारींची रांग, वळणावर रिव्हर्स घेणारे, आणि उतरताना समोरून हॉर्न बडवत येणारी जीप. भजी खायला गेलेल्या गर्दीत आपण घाम कशाला गाळायचा?

त्यापेक्षा कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट. चढ चारेक किलोमीटरचा, पण माथ्यावर पोचलात की पुढे आस्करवाडी, भिवरी, चांबळी करत सासवडपर्यंत रस्ता हळूहळू उतरत जातो. कऱ्हेकाठी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसायचं. पायात दम असेल तर तसंच पुढे नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ, हायवेने शिंदेवाडी आणि तिथून जुना कात्रज घाट. स्वारगेटहून धरलं तर नव्वदीच्या आसपास भरतं. दिवे घाटाने परतू नका, तिथे रुंदीकरणाच्या कामाची धूळ नाकातोंडात जाते.

गोळेवाडीचा_गिअर: रविवारी दहा वाजता गेलात तर मोटारी भेटणारच, त्यात गडाचा काय दोष? मी मंगळवारी जातो. पाचला खडकवासल्याच्या चौपाटीवर, सातच्या आत माथ्यावर. कणसंवाले तेव्हा शेगडी पेटवत असतात.

आणि बोपदेव म्हणजे चढ नव्हे हो, चढाची तोंडओळख. सिंहगडाचा घाट साधारण 9 किलोमीटर, त्यात सहाशे मीटरहून जास्त चढायचं. मधे एकदा रस्ता जरा सपाट होतो, तेवढ्यात वाटतं जमलं, आणि पुढच्याच वळणाला सायकल जागची हलेना. पुण्यात कोणी नवी सायकल घेतली की पहिला प्रश्न काय असतो? "सिंहगड किती वेळात?" बोपदेवचा वेळ कुणी कुणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

शिवाय बोपदेवच्या पायथ्याला पोचायला खडी मशीन चौक ओलांडावा लागतो. तिथल्या डंपरांबद्दल धागाकर्ते सोयीस्कर गप्प आहेत.

घाटवेडा: डंपरांचं मान्य. म्हणून तर साडेपाचच्या आत तो चौक मागे टाकायचा.

रोजची_सायकलवाली: साडेपाचला अंधारात, बोपदेवला, एकटीने? ऑक्टोबर 2024 मध्ये त्या घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, ते सगळ्या शहराला माहीत आहे. रूट सुचवताना निम्म्या वाचकांना तो चालणार आहे का, एवढं तरी बघत जा.

आणि तुमचं हे सगळं रविवारचं. मी कर्वेनगरहून शिवाजीनगरला रोज सायकलने ऑफिसला जाते. माझा आवडता रूट म्हात्रे पुलाकडून नदीपात्रातला रस्ता. सिग्नल नाही, चढ नाही, सकाळी बगळे दिसतात. (वास येतो. सवय होते.) पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली आणि रस्ता बंद, मग निमूट कर्वे रोड.

सायकल ट्रॅकवरून जा म्हणणाऱ्यांसाठी: मी प्रयत्न केलाय. दोनशे मीटर गेलं की डीपीचा खोका, मग पाणीपुरीची गाडी, मग सायकलसुद्धा न शिरणारे खांब, आणि शेवटी वीतभर उंच कडा, जिथून सायकल उचलून खाली ठेवायची. 2017 मध्ये महापालिकेचा सायकल आराखडा आला. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या, आणि काही दिवसांनी त्या नाल्यात दिसू लागल्या. मोटारीवर रॅक लावून घाटाच्या पायथ्यापर्यंत सायकल नेणाऱ्यांना यातलं काही टोचत नाही.

अर्धंपेडल: वय 71. ताई, तुमचं पटतं, पण "सायकलींचं पुणं" म्हणून कोणी गळा काढला की मला हसू येतं. आम्ही रविवार पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात शिफ्टला जायचो. भोंग्याच्या वेळी रस्ताभर सायकलीच. हौस म्हणून नव्हे, दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून. म्युनिसिपालटीचा बिल्ला नसला, दिवा नसला, डबलसीट दिसलं की पोलीस धरायचा. 1972 ला लुना आली. हप्ता जमला त्या दिवशी मी सायकल भावाला देऊन टाकली, मागे वळूनही पाहिलं नाही.

आता डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पुन्हा चालवतो. सारसबागेपर्यंत. माझा रूट तेवढाच.

रोजची_सायकलवाली: काका, लुनेचा हिशेब मान्य. पण मला आज स्कूटर परवडते, तरी मी सायकल काढते. मला फक्त जिवंत घरी पोचायचं आहे.

भिवरीकर: मी या रस्त्यावरच राहतो, म्हणून लिहितो. रविवारी दहा-दहा जण शेजारीशेजारी गप्पा मारत चालवता, मागे दुधाची गाडी असते. घंटी एकाच्याही सायकलला नाही, आम्ही हॉर्न दिला तर राग येतो. टपरीवर दोन चहा चौघांत, आणि आमच्या शेवंतीच्या वाफ्यात सायकल उभी करून पंधरा फोटो. मागच्या महिन्यात एकाने ठिबकची नळी तुडवली, सॉरी म्हणाला आणि गेला. नळी मीच जोडली.

सिंहगड बरा म्हणा. तिथे निदान शेत नाही.

घाटवेडा: दादा, चुकलं. आमच्या ग्रुपवर आजच टाकतो: एका ओळीत चला, वाफ्यात पाय नको, घंटी लावा. (घंटीने वजन वाढतं असं म्हणणारा एक जण आहेच, त्याला मी बघतो.) अंधाराचंही बरोबर, आता उजाडल्यावर आणि चौघापाचांनी मिळूनच निघू. डंपर भेटले तर भेटले.

सिंहगडाबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही.

गोळेवाडीचा_गिअर: मंगळवारी या. पाचला, चौपाटीवर. मग बोलू.

भिवरीकर: घंटी लावून आलात तर टपरीच्या पलीकडचं तिसरं घर आमचं. श्रावण सरता सरता सीताफळं असतील. पिशवी घेऊन या, त्या जर्सीच्या खिशात मावत नाहीत.