बिबट्याची 'भटकंती' की 'यादृच्छिक चाल'?

विचारणा (शिराळा): उसात वावरणाऱ्या बिबट्यांवर शाळेतल्या मुलांसाठी लेख लिहितेय. प्राण्यांच्या हालचालीच्या गणितात 'रँडम वॉक' येतो. त्याला सरळ 'भटकंती' म्हणू का? 'यादृच्छिक चाल' पोरांना जड जाईल.

कराडहून: ताई, 'भटकंती' नका लिहू. तिच्यात हौस आहे. रविवारी अजिंक्यताऱ्यावर जातो ती भटकंती. 'वणवण' म्हटलं की पाण्यासाठीची दमछाक येते, 'भरकटणं' म्हटलं की वाट चुकली. रँडम वॉक प्राण्याच्या मनाबद्दल काहीच सांगत नाही. त्याचं कारण त्याच्यापाशी असतं; ते आपल्याला दिसत नाही म्हणून पुढचं पाऊल आपण योगायोगावर सोडतो. हे नाव १९०५ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या पत्रात वापरलं. माणूस ठरावीक अंतर सरळ चालतो, मग कुठल्याही दिशेला वळून पुन्हा तेवढंच चालतो. अशा चालीनंतर तो किती लांब असेल, असा त्याचा प्रश्न होता. त्यामागे डास कसे पसरतात ही चिंता होती. शंभर पावलं टाकूनही तो साधारण दहा पावलांइतकाच दूर जातो. मुलांना हे पटांगणावर करून दाखवा. आणि 'यादृच्छिक प्रयोग' दहावीच्या संभाव्यतेत आहेच, शब्द अगदी परका नाही.

फलटणहून: कराडच्या दादांशी सहमत, पण मेंढरं इतकी मोकाट वळत नाहीत. तोंड जिकडं, पुढचं पाऊल बहुतेक तिकडंच. चांगलं गवत लागलं की पावलं आखूड होतात, वळणं वाढतात. उजाड पट्टा आला की कळप सरळ पुढं निघतो. आधीच्या दिशेचा पुढच्या पावलावर असा परिणाम असेल तर 'सहसंबंधित यादृच्छिक चाल' म्हणावं. दिवाळीनंतर आमच्याकडचे धनगर कोकणात उतरतात, त्याला मात्र यातलं काहीच लावू नका. वाट ठरलेली, मुक्कामाची रानं ठरलेली. ते स्थलांतर.

शिराळा: मग बिबट्याचं काय? तो तर आपली हद्द धरून असतो.

कराडहून: तिथं 'ओढ' हा शब्द घ्या. पावलं यादृच्छिक, पण हद्दीच्या मध्याकडे थोडी ओढ. माणसालाही हेच लागू. २००८ साली एक लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोक फिरून फिरून त्याच मोजक्या जागी येताना दिसले.

सांगलीहून: प्रूफ तपासताना काना सांभाळा, ताई. संख्याशास्त्रात 'यादृच्छिक चल' ही वेगळीच संज्ञा आहे.