अनुभव धागा: मुंबईतले तंत्रकट्टे आणि तुमचा तिथला पहिला दिवस

धागाकर्ती

कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग यांचं वेड असलेली माणसं मुंबईत रविवारी कुठे ना कुठे जमतात. कधी क्लासच्या रिकाम्या खोलीत, कधी कुणाच्या गच्चीवर, कधी बागेत. फी नसते, पदवी कुणी विचारत नाही. अशा कट्ट्यावर तुम्ही गेला असाल, तो चालवला असेल, किंवा एकदा जाऊन परत फिरकला नसाल, तरी लिहा. पहिल्या दिवशी काय झालं आणि दुसऱ्यांदा का गेलात, एवढंच विचारते आहे. सुरुवात मी करते.

साल २००८. माटुंग्याला एका क्लासच्या खोलीत लोकांच्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी संगणक प्रणाली, घालून द्यायचा कार्यक्रम होता. तेव्हा अर्ज केला की उबुंटूच्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) सीडी टपालाने फुकट घरी यायच्या (ती सोय २०११ मध्ये बंद झाली). माझ्याकडे अशा दहा-बारा सीडी होत्या आणि चार-पाच मशीनचा अनुभव. परळहून एक गृहस्थ आख्खा सीपीयू टॅक्सीत घालून आले होते. "विंडोज राहू दे, शेजारी हे घाल," म्हणाले. पार्टिशन करताना, म्हणजे डिस्कचे भाग पाडताना, मी त्यांचा डी ड्राइव्हच काढून टाकला आणि बदल डिस्कवर लिहूनही टाकले. फॉरमॅट सुरू व्हायच्या आत शेजारी बसलेल्या दादाने मागची वायर ओढली. डी ड्राइव्हमध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

माझे हात थरथरत होते. त्या दादाने खुर्ची ओढून घेतली आणि मला समजावलं की पार्टिशन टेबल म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. अनुक्रमणिका फाटली तरी पानं जागेवर असतात, फक्त त्यांच्यावर नवीन काही छापू द्यायचं नाही. मग दुसऱ्या सीडीवरून मशीन सुरू करून त्याने टेस्टडिस्क नावाचं साधन चालवलं. ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत जातं आणि हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधतं. संध्याकाळ झाली, क्लासवाल्यांना खोली बंद करायची होती, तरी सात जण थांबले. ही कुणाची चूक, हे एकानेही तोंडातून काढलं नाही. ते गृहस्थ कटिंग हातात धरून नुसते पडद्याकडे बघत होते. ड्राइव्ह परत दिसला तेव्हा पहिला फोटो उघडला तो अंतरपाटाचा.

पुढच्या महिन्यात ते गृहस्थ सीपीयू घेऊन पुन्हा आले, राहिलेलं लिनक्स घालून घ्यायला. मीही आले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय कुणाच्याही मशीनला हात लावायचा नाही. ती डिस्क आजही मी पिशवीतून घेऊन येते.

गिरगावचे मुद्रितशोधक

दिवाळी अंकांची मुद्रितं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. जुन्या फॉन्टमधला मजकूर अंकवाले युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणू लागले तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला. 'दऱ्या' पाठवावी तर समोर 'दर्या' येई. दरीचा समुद्र होतो हो! 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं की स्वयंपाकी यायचे ते गुरुवर्य येणार. टाइपसेटिंग करणारा म्हणे, "काका, वाचणाऱ्याला कळतं." मला ते मान्य नव्हतं, आजही नाही.

शेजारच्या मुलाने मला कट्ट्यावर नेलं. तिथे एका मुलीने फळ्यावर मांडून दाखवलं: साधा र, मग हलन्त, मग य, असं लिहिलं की नियमाप्रमाणे रफारच उमटतो, 'सूर्य'मधला. मराठीला जो आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र लागतो, त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ते येतं. आमचा मजकूर रूपांतरित करणारा प्रोग्रॅम दोन्ही र एकच समजत होता. एवढंसं कारण, आणि मी दोन वर्षं माणसांशी भांडत होतो.

मग तीन रविवार आम्ही बसलो. शब्दांची वही मी दिली, प्रोग्रॅम एका मुलाने लिहिला. सगळे शब्द आपोआप बदलून टाकूया, असं त्याचं म्हणणं होतं. मी अडवलं, कारण 'दर्या' हाही शब्द आहे, 'आर्या' आहे, 'भार्या' आहे. शेवटी तो प्रोग्रॅम संशयित शब्द फक्त पिवळे करतो आणि निर्णय माणसाने घ्यायचा, असं ठरलं. माझ्या वाचनाचा उपयोग असा होईल हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर समजलं. पहिल्या दिवशी ती मुलं मला सर म्हणत होती. तिसऱ्या रविवारी काका म्हणू लागली.

काउंटरवरचा

मी लॅमिंग्टन रोडला दुकानात कामाला आहे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण गिऱ्हाईक लॅमिंग्टनच म्हणतं. कॉलेजची मुलं ईएसपी ८२६६ हे वायफायचं छोटं मॉड्यूल घेऊन जायची आणि दोन दिवसांनी परत यायची, "पीस खराब दिला." पीस खराब नसायचा. ते मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे आणि ते ज्याला जोडतात त्या आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करायच्या बोर्डाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. थेट जोडलं की मॉड्यूल जाऊ शकतं. काही मुलं उनोच्याच ३.३च्या पिनेवरून सप्लाय घ्यायची. ती पिन ५० मिलीअँपियरची, आणि वायफाय सुरू झालं की मॉड्यूलला त्याच्या कितीतरी पट लागतं. मग ते सारखं रीसेट होत राहतं. काउंटरवर गर्दीत हे सांगायला वेळ नसतो.

एका गिऱ्हाइकाने कट्ट्याला बोलावलं. बारावीनंतर मी शिक्षण सोडलेलं, तिथे सगळे इंजिनिअर, म्हणून मागे दाराशी बसलो. पुढच्या टेबलावर तीन जण रीसेट होणाऱ्या मॉड्यूलचा कोड तपासत होते. अर्धा तास मी गप्प बसलो. मग उठून म्हटलं, कोड राहू द्या, आधी मीटर लावा. वायफाय सुरू झालं की व्होल्टेज खाली येत होतं. वेगळा सप्लाय दिला, चाललं.

त्यानंतर नव्या मुलांचा पहिला अर्धा तास माझ्याकडे असतो. हातात मल्टिमीटर दिल्याशिवाय वायर देत नाही. दुकानात मी वस्तू देतो, इथे मला माझं म्हणणं पूर्ण करता येतं.

डोंबिवलीकर

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून मनातलं लिहिते. मी पहिल्यांदा गेले होते त्या कट्ट्यावर (तुमचा नव्हे) खोलीत मी एकटी बाई होते. तासाभरात तिघांनी विचारलं, "कुणाबरोबर आलात?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, पण मी सात वर्षं डेटाबेस सांभाळते आहे, आणि मी माझ्याबरोबर आले होते. चार महिने कुठेच गेले नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. हार्बरवालेही अडकतात. दुपारी चारला जमून 'बघू कधी संपतं ते' म्हणणाऱ्यांना घरी गेल्यावर ताट वाढलेलं मिळत असणार. आम्हाला लोकल पकडून जाऊन कुकर लावायचा असतो. तुमच्या कट्ट्यावर मी दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही झाल्या: साडेपाचला दार बंद, आणि ओळख करून देताना 'कुठे काम करता' याऐवजी 'सध्या कशात अडकलात' हे सांगायचं. पहिल्याच वेळी एक मोठा अधिकारी माणूस म्हणाला, मला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायचं सूत्र) कधीच जमलं नाही. शेजारची एफवायची मुलगी लगेच वही घेऊन त्यांच्याकडे सरकली. आता आम्ही नऊ जणी येतो.

माजी आयोजक

आमचा कट्टा बंद पडला, तेही लिहून ठेवतो. एका कंपनीने ऑफिस दिलं. एसी, प्रोजेक्टर, खायला पिझ्झा. बदल्यात शुक्रवारपर्यंत नावांची यादी, गेटवर लॅपटॉपची नोंद, आणि सोल्डरिंग गन आत न्यायला बंदी. माणसं वाढली, पण बिघडलेली वस्तू पिशवीत घालून येणारे थांबले. पुढे दर वेळी एक तास त्यांच्या उत्पादनाचा झाला. वर्षभरात श्रोतेच उरले.

आता आम्ही सहा जण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो. जून ते सप्टेंबर पाऊस बसू देत नाही, तेवढे महिने कुणाच्या तरी घरी.

विरारहून, एसवायला आहे

मला हे सगळं विरारमध्ये हवं आहे. दादरला यायचं म्हणजे माझा अख्खा रविवार जातो. माझ्याबरोबर एकच मैत्रीण आहे आणि जागा म्हणजे आमच्या सोसायटीचं ऑफिस. लोक आलेच नाहीत तर?

धागाकर्ती

अगं, दोघी आहात ना, मग झालं. भाषण, पाहुणे, पोस्टर काही नको. सोसायटीच्या टाकीचं पाणी रोज वाहून जातं का? अल्ट्रासॉनिक सेन्सर झाकणाला खाली तोंड करून लावला की आवाजाची लाट पाण्यावर आपटून किती वेळात परत येते त्यावरून पातळी कळते. वॉटरप्रूफ प्रकारच घे, साधा बाष्पाने खराब होतो. पहिल्या दिवशी हेच करा. वॉचमनकाकांना बोलवा, पंप तेच चालू-बंद करतात, त्यांना टाकीची सगळी खोड माहीत असते. आणि दिवस ठरवलास की पाळ, एकटी असलीस तरी दार उघडून बस.

पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार चालेल का? मी येते. एक्स्टेन्शन बोर्ड आणि डिस्क माझ्याकडे आहे. काउंटरवरचे दादा, सेन्सर आणि मीटर घेऊन तुम्ही याल का? पश्चिम रेल्वेचा ब्लॉक आहे का ते शनिवारी बघून कळवते.