मदत हवी आहे : कॉलनीत रेन वॉटर हार्वेस्टिंग, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरच्या बाजूला राहतो. कॉलनीत काय सुधारायचं म्हणून रविवारी पोहे-जिलबीवर मीटिंग झाली तर अर्धा तास नुसता पार्किंग आणि कुत्र्यांवरच गेला 😅 सफाईचं काही बोलायला नको, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आता इथे पोरासोरांनाही आहे, पण पाण्याचं काय? नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास ७० किमी वरून पंप करून वर चढवून आणतात आणि आमची बोरिंग एप्रिल-मे मध्ये हवा फेकते. मी हिशोब केला, १००० चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तरी २००० लिटर सहज मिळतं, ते सगळं सध्या नालीत जातंय.

प्रश्न असा की पाणी फिल्टर लावून थेट बोरिंगमध्ये सोडावं की वेगळा खड्डा करावा? पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला तुम्ही काय लावलंय? १२ घरं मिळून केलं तर खर्च कसा वाटायचा? शेजारचे काका म्हणतात "टँकर आहे ना, कशाला भानगड", त्यांना कसं पटवू तेही सांगा प्लीज 🙏