रणगाड्याच्या मॉडेलवरचा प्रायमर आणि शेडिंग, मराठीत काय म्हणता?

१/३५ स्केलच्या रणगाड्यावर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) रंग कसा मारायचा ते मराठीत लिहून काढतोय, भाचा आणि त्याच्या मित्रांसाठी. प्रायमरला 'अस्तर' चालेल का? आणि प्री-शेडिंग, पोस्ट-शेडिंग, झेनिथल यांचं काय करायचं? शेडिंगला 'छटा' लिहिलं तर वाचणारा दुसराच रंग समजतो आणि 'छायांकन' म्हटलं की कॅमेरा नाहीतर झेरॉक्स.

*

अस्तर चालेल की. रंगारी लोक म्हणतातच, अस्तर मारलं, लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला आणि मग रंगाचे दोन हात. तो 'हात' पण घ्या, कोटपेक्षा छान आहे. पहिला हात इतका हलका की खालचं प्लास्टिक दिसत राहील, तो सुकला की दुसरा. रंग दुधाइतका पातळ, हवेचं प्रेशर १५ ते २० पीएसआय, एअरब्रशची नीडल ०.३ मिमीची. फार लांबून मारलं तर रंग हवेतच सुकतो आणि वर खरखर येते. लॅकर प्रायमर असेल तर मास्क लावायला मुलांना नक्की सांगा, साधा कापडी नाही, वाफ अडवणारा.

*

अस्तरला माझी थोडी हरकत आहे. अस्तर म्हटलं की ते आत झाकलेलं राहणार हे गृहीत असतं, कोटाचं असो की भिंतीचं. पण या छंदात प्रायमर दोन गोष्टींना म्हणतात. एक आपण प्लास्टिकवर मारतो तो, रंग धरून ठेवायला. दुसरा खऱ्या रणगाड्याच्या पोलादावर असायचा तो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गाड्यांचा लाल ऑक्साइड, जर्मन रंगसूचीतला आरएएल ८०१२. फेब्रुवारी १९४३ पासून त्यावर गडद पिवळा यायला लागला, आणि १९४४ च्या शेवटाकडे तर काही पँथर वगैरे रणगाडे तो लाल उघडाच ठेवून, वर हिरव्या-पिवळ्या-तपकिरी रंगाचे पट्टे मारून कारखान्यातून निघाले. तिथे प्रायमर हाच दिसणारा रंग आहे, त्याला अस्तर कसं म्हणणार? मी प्लास्टिकवरच्याला अस्तर म्हणेन आणि गाडीच्या रंगाला सरळ लाल ऑक्साइड, खिडकीच्या ग्रिलला मारतात म्हणून शब्द सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर पोरं लाल रंगाची बाटली थेट प्लास्टिकवर ओततील आणि मास्किंग टेपबरोबर सगळा रंग निघून येईल.

*

शेडिंगसाठी 'सावली' घ्या ना! मुळात शेडिंग करतो कशाला, तर टायगर या जर्मन रणगाड्याचा सव्वासहा मीटरचा हल, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, मॉडेलमध्ये १८ सेंटीमीटरचा होतो, त्यावर खोलीतल्या दिव्याची सावली नीट पडतच नाही, म्हणून ती रंगवावी लागते. प्री-शेडिंग म्हणजे खालची सावली, अस्तरावर पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघा आणि कोपरे काळ्या-तपकिरी रंगाने मारायचे आणि वरून मूळ रंग इतका पातळ मारायचा की ती सावली आतून जाणवेल, लोक इथेच जास्त रंग मारून सगळं बुजवून टाकतात. पोस्ट-शेडिंगला मात्र मी सावली म्हणणार नाही, कारण बहुतेक जण त्यात मूळ रंगात पांढरट मिसळून पॅनलचा मधला भाग उजळतात. त्याला आपला 'उठाव' आहेच, मूर्तिकार आणि चित्रकार दोघेही वापरतात.

झेनिथलचा झेनिथ म्हणजे पंचांगवाल्यांचा खमध्य, डोक्यावरचा बिंदू. काळ्या अस्तरावर फक्त वरून पांढरा किंवा फिकट राखाडी मारायचा. 'खमध्य प्रकाश' बरोबर आहे पण मुलांना 'माथ्यावरचा उजेड' लगेच कळेल. नगरच्या रणगाडा संग्रहालयात भर दुपारी गेलात तर टरेट (वरचा फिरता, तोफेचा भाग) लख्ख आणि चाकांच्या मागे काळोख, हेच दिसतं.

*

उठाव एकदम पटला, लिहून टाकतो. पण मग गडद हिरव्या टी-३४ या रशियन रणगाड्यावर खालची सावली मारली तर दिसणार तरी का?

*

जवळजवळ नाहीच. काळ्यावर गडद हिरवा आला की सावली त्यात विरून जाते. तिथे अस्तर राखाडी ठेवा, माथ्यावरचा उजेड द्या आणि बाकी सगळं काम उठावाने करा, हिरव्यात पिवळा मिसळून, पांढरा नको, पांढऱ्याने हिरवा खडूसारखा निस्तेज होतो.