ओपन हार्टनंतर छातीवरचा वण: मार्गशीर्षात लग्न आहे, आत्तापासून काय करता येईल?

अबोली_२६

वय २६. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मजात भोक फेब्रुवारीत पॅच लावून बंद केलं, छातीचं हाड उघडून. इको उत्तम आहे. अडचण आहे ती वणाची. लांबी १७ सेंमी. खालचा भाग सपाट आहे आणि फिकट होत चाललाय. वरचे ५ सेंमी मात्र दोरीसारखे उठलेत, रंग गुलाबीसर तपकिरी, खाज येते, ताणल्यासारखं वाटतं. कुर्त्याच्या गळ्यातून नेमका तोच भाग दिसतो आणि समोरच्याची नजर तिथेच जाते. ओढणीला पिन लावल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही.

सिलिकॉनची पट्टी घ्यावी की जेल? हृदयाच्या इतक्या जवळ इंजेक्शन घेणं सुरक्षित आहे का? लेझरने जाईल का? लग्नाचा ब्लाउज कसा शिवावा? आणि आत्या रोज लिंबू-हळद लावायला सांगतेय, तिला काय सांगू?

ओपीडी_खिडकी

आधी वण कुठल्या जातीचा आहे ते ठरवा, खर्चाचं नंतर बघा. जाडी जखमेच्या रेषेपुरतीच असेल तर तो हायपरट्रॉफिक. असा वण टाके पडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत उठतो, काही महिने वाढतो आणि मग पुष्कळदा हळूहळू आपोआप बसतो. रेषा ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढत असेल तर केलॉइड. नावातच खेकड्याची नांगी आहे, आणि वागणंही तसंच. हा आपोआप बसत नाही.

घरी तपासायची रीत सांगतो. वहीच्या कव्हरचं पारदर्शक प्लास्टिक वणावर ठेवा, पातळ मार्करने कड गिरवा, कोपऱ्यात तारीख लिहा. गळ्याची खळी आणि एखादा तीळ हेही खुणेसाठी उमटवून घ्या, म्हणजे प्लास्टिक पुन्हा त्याच जागी बसेल. ४ आठवड्यांनी तेच परत ठेवून बघा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, उजेड बदलला की वण बदलल्यासारखा वाटतो.

छातीच्या मध्यावरची कातडी हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. हात उचलला, कुशीवर वळलं की दोन्हीकडून ओढली जाते, आणि ओढ बसेल तिथे शरीर जास्त धागा विणतं. खांदा, कानाची पाळी आणि छातीचा मध्य हे अशा वणांचे ठरलेले अड्डे. त्यात आपला सावळा वर्ण आणि विशीतलं वय. तेव्हा टाके घालणाऱ्याला लगेच बोल लावू नका.

पट्टी की जेल, तर तुमच्यासाठी रात्री पट्टी, दिवसा जेल. पट्टी वणापेक्षा सगळीकडून १ सेंमी मोठी कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा कपड्यात अडकून आधी सुटतो. १७ सेंमीचा सलग तुकडा वाकल्यावर मधोमध दुमडतो, म्हणून दोन तुकडे करा. पहिल्या दिवशी ४ तास, मग रोज २-२ तास वाढवत किमान १२ तासांपर्यंत न्या. खाली पावडर, तेल, क्रीम काही नको. सकाळी साध्या साबणाने आणि गार पाण्याने धुवा, चिकट बाजू वर ठेवून हवेवर वाळवा. टॉवेलने पुसलीत तर धागे चिकटतात आणि पट्टी दोन दिवसांत निकामी होते. नीट सांभाळली तर एक पट्टी दोन-चार आठवडे चालते.

पावसाळ्यात बिघडतं ते घामाने. पट्टीखाली बारीक लाल पुरळ आलं तर दोन दिवस थांबा, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, पुन्हा ४ तासांपासून सुरू करा. लोक इथेच कंटाळून सोडून देतात आणि मग म्हणतात, सिलिकॉनने काही होत नाही. निदान ३ महिने रोज वापरल्याशिवाय निकाल लावू नका.

जेल अगदी पातळ. ४-५ मिनिटांत वाळलं नाही तर जास्त झालं. जेल वाळल्यावर वरून सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. वण लाल आहे तोवर ऊन लागलं की काळपट डाग धरतो आणि तो वणाच्या जाडीपेक्षा चिवट असतो.

मसाज: हाडाला साडेचार महिने झालेत, तरी सर्जनला एकदा विचारून घ्या. बोटाच्या पेराने, वण क्षणभर पांढरा पडेल इतकाच दाब. आधी वर-खाली, मग आडवा, मग गोल. दिवसातून दोनदा ५ मिनिटं, थोडं व्हॅसलीन लावून. बोट कातडीवरून घसरत राहिलं तर उपयोग नाही. कातडी बोटाबरोबर हाडावर सरकली पाहिजे. नंतर तासभर लाली आणि खाज वाढलेली राहिली तर दाब जास्त होतोय.

शिवणयंत्र

ब्लाउजचं मी घेते. खांदा आणि मान जुळते तिथून सरळ खाली वणाच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावा. जे माप येईल त्यातून १ इंच वजा करा, ती तुमच्या पुढच्या गळ्याची जास्तीत जास्त खोली. माप उभं राहूनच घेऊ नका, पाटावर बसून पुढे वाकूनही घ्या. लग्नात अर्धा वेळ वाकलेलाच जातो आणि तेव्हा गळा पुढे लोंबतो.

वण फार वर असेल तर बोट नेक किंवा बंद गळा. जाळीचा हाय नेक सुचवतील, पण जाळीतून उठलेला वण दिसतो, शिवाय ती खरबरीत असते. आतून मलमलचं अस्तर लावा. गळ्याची पट्टी जाड दुमडून घालू नका, बारीक पायपिंग करा, नाहीतर तीच कड वणावर घासते. पुढची हुकपट्टी बरोबर मधोमध येते, म्हणजे एकेक हुक वणावर रुततो. हुक मागे घ्या किंवा काखेखाली चेन. अगदी नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र मागचे हुक टाळा, हात पाठीमागे वळवून ओढणं पहिले ३ महिने बरं नाही. पैठणीचं कापड ब्लाउजला असेल तर जरीची उलटी बाजू अस्तराआड गेलीच पाहिजे.

दागिने: ठुशी, चिंचपेटी गळ्याशी बसतात, त्यांचा त्रास नाही. कोल्हापुरी साज, मोहनमाळ वणावर येतात. मंगळसूत्र घडवायला टाकण्याआधी दोरा गळ्यात घालून लांबी ठरवा. वाट्या वणाच्या उठलेल्या भागावर येता कामा नयेत, दिवसभर तिथेच आपटत राहतात. खोट्या दागिन्यांत निकेल असतं, त्याने खाज वाढते.

त्वचेचं_गणित

इंजेक्शनची भीती काढून टाका. ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड वणाच्या गाभ्यात सोडतात. सुई काही मिलिमीटरच आत जाते, मागे आख्खं हाड आहे, हृदय त्याच्याही मागे. ताकद १० ते ४० मिग्रॅ प्रति मिली, किती ते जाडी पाहून ठरतं. दर ४-६ आठवड्यांनी एकदा, बहुधा ३-४ खेपा. दुखतं, हे खोटं कशाला सांगू. आधी सुन्न करायचं क्रीम लावून तासभर झाकून ठेवायला सांगा.

चुकतं कुठे, तर औषध वणात न जाता खालच्या चरबीत गेलं की खड्डा पडतो. कडक वणात सोडताना सिरिंजला जोर लागतो आणि वण क्षणभर पांढरा पडतो, म्हणजे जागा बरोबर आहे. सहज सरकन गेलं तर शंका घ्या. दुसरा त्रास म्हणजे आजूबाजूची कातडी पांढुरकी पडणं, सावळ्या वर्णावर ते उठून दिसतं. बहुतेक वेळा रंग परत येतो, पण महिने लागतात. म्हणून लग्न मार्गशीर्षात असेल तर शेवटचं इंजेक्शन दसऱ्याच्या आत. पाळी एखाद-दुसरा महिना पुढेमागे होऊ शकते, घाबरू नका.

डॉक्टरांनी स्टेरॉइडमध्ये ५-एफयू (पेशींची वाढ रोखणारं, कॅन्सरमध्येही वापरतात ते औषध) मिसळायचं सुचवलं तर लग्नानंतर लगेच मूल हवं आहे का ते आधीच सांगा. गरोदरपणात ते चालत नाही.

लेझरने वण पुसला जात नाही. पल्स्ड डाय लेझर लाली आणि थोडी खाज कमी करतं, आणि सावळ्या कातडीवर ताकद जपून ठेवावी लागते, नाहीतर भाजल्याचा काळा डाग वर. कापून पुन्हा शिवायचं कोणी सुचवलं तर वर्षभर तरी थांबा. केलॉइड नुसता कापला तर निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, बरेचदा आधीपेक्षा मोठा.

आत्याबाईंसाठी: लिंबाने कातडी पोळते आणि ऊन लागलं की काळी पडते. हळदीने जाडी कमी होत नाही. तरी लिंबू-हळद परवडली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली गोरं करणारी ट्यूब त्याहून वाईट. तिच्यात जोरदार स्टेरॉइड असतं आणि बाजूची चांगली कातडी पातळ होते. हळदीच्या दिवशी तासभर आधी वणावर व्हॅसलीनचा थर द्या, म्हणजे हळद खाचांत बसणार नाही.

नाडीपरीक्षा

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. धातूची झडप बसवलेली असेल आणि ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर इंजेक्शनआधी त्वचारोगतज्ज्ञाला ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. पेसमेकर असेल तर कातडी घट्ट करणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्रापाशी बसण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. वणावर टॅटू काढायची टूम निघाली आहे; कृत्रिम झडपवाल्यांनी तो विचार सोडावा, सुईवाटे जंतू रक्तात गेले तर झडपेवर बसतात. पॅचवाल्यांनी पहिले ६ महिने तरी नाव काढू नये. तशीही वर्षभराच्या आतल्या वणात शाई नीट धरत नाही.

आणि हे वणाचं दुखणं समजून घरी बसायचं नाही: पू किंवा पाणी येणं, ताप, वाढती लाली, खोकताना हाड कटकट वाजणं. त्याच दिवशी सर्जन. कातडीखाली लागणारी टोकदार गाठ बहुधा हाड बांधलेल्या स्टीलच्या तारेची असते. ती टोचत असेल तर हाड जुळल्यावर काढता येते.

चहा_बिनसाखरेचा

पिन लावलेल्या ओढणीबद्दल कोणी बोललं नाही. झाकावंसं वाटलं तर झाका, त्यात कमीपणा नाही. पण वण लपवायला खांदे पुढे घेऊन पोक काढून बसायची सवय लागते, ती मोडा. महिनोन्महिने तसं बसलं की छातीचे स्नायू आखडतात, पाठ दुखते आणि मान वर केली की वण आणखी ताणल्यासारखा वाटतो. भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवा, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ.

उत्तर आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाही. ‘हृदयाला भोक होतं, बंद केलं, आता ठणठणीत.’ एवढंच, आणि लगेच दुसरा विषय. लांबण लावली की समोरची मावशी आणखी पाच प्रश्न विचारते. एकदम गर्दीत जाऊ नका. आधी घरात ओढणीशिवाय तासभर, मग शेजारी, मग कोपऱ्यावरच्या दुकानात. पहिली पाच मिनिटं जीव वरखाली होतो, मग उतरतो. तो उतरायच्या आत पळून आलात तर पुढची खेप आणखी अवघड जाते.

सासरी ऑपरेशन माहीत नसेल तर ते मात्र सांगून टाका. वण कुणाला दाखवायचा हा तुमचा हक्क. हृदयाचा इतिहास पुढे बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही लागणार आहे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, आरसा नको, माणसं नकोत असं चालू असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अबोली_२६

सासरी सगळं माहीत आहे, नवऱ्यामुलाने इकोचा रिपोर्टही वाचलाय. आजच प्लास्टिकवर कड गिरवली. टेप लावला तर माप ५ इंच आलं, बसून वाकल्यावर साडेचार. म्हणजे गळा साडेतीन? आणि लग्नाच्या दिवशी मेकअपने काही झाकता येईल का?

शिवणयंत्र

हो, साडेतीन. बोट नेकच होईल. आधी साध्या सुती कापडाचा नमुना शिवून घ्या, पैठणीवर प्रयोग नको.

मेकअपने रंग झाकतो, उंची नाही. लालसर भागावर हिरवट करेक्टर, तपकिरीवर नारिंगी, तोही बोटाने थोपटून, घासून नाही. वर तुमच्या छातीच्या रंगाचा कन्सीलर. चेहऱ्याचा नको, छातीचा रंग बहुधा वेगळा असतो. मग पारदर्शक पावडर दाबून बसवा. चकाकी असलेलं काहीही टाळा. सगळं दोन आठवडे आधी एकदा लावून ६ तास ठेवून बघा, खाज सुटली तर कळेल. फोटोग्राफरला सांगा, उजेड समोरून हवा. बाजूच्या लाइटने उठलेल्या वणाची सावली पडते आणि मग कितीही थापलं तरी दिसतं.

त्वचेचं_गणित

आणि सुई टोचल्यापासून आठवडाभर त्या जागी मेकअप नको.