उत्तर: तीन साहेब, एकच असिस्टंट

एकाच असिस्टंटकडे तीन साहेबांची कामं असतील तर आधी कुणाचं घ्यायचं, या प्रश्नावर वर "जो आधी सांगेल त्याचं काम आधी" असा सल्ला आलाय. तो मला पटत नाही. त्यात सकाळी लवकर येणाऱ्या साहेबांचं सगळं होतं आणि दुपारी येणाऱ्यांचं महत्त्वाचं काम रखडतं. सीए ऑफिसचंच बघा: ७ तारखेला टीडीएसचं (पैसे देताना कापलेल्या कराचं) चलन, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटीचा गोषवारा आणि भरणा). तिन्ही पार्टनर त्याच दिवशी घाईत असतात. या तारखा आधीपासून माहीत असतात, म्हणून आदले दोन दिवस प्रवासाची बुकिंगं, जुन्या फायली लावणं असली कामं घ्यायचीच नाहीत.

इथे कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे सर्वांना दिसणारी एकच यादी. गूगल शीटमध्ये पाच रकाने पुरतात: काम, कुणाचं, कधी हवं, अंदाजे वेळ, कुठे अडलंय. तोंडी आलेलं कामही लगेच त्यात टाकायचं. "अर्जंट" हा शब्द लिहायचा नाही, तारीख आणि वेळ लिहायची, "क्लायंटला किती वाजता पाठवायचंय?" असं विचारलं की निम्मी घाई ओसरते. दोन कामं एकाच वेळेला आपटली तर निवाडा आपण करायचा नाही. दोघांनाही एकाच मेसेजमध्ये लिहायचं: "सर, दोन्ही ४ वाजता हवीत, प्रत्येकी दीड तास लागेल, आता २ वाजलेत. आधी कोणतं घेऊ?" वेगवेगळे मेसेज केले तर दोघेही "माझं" म्हणतात आणि आपण मध्ये अडकतो. दिवसाचा तासभर मात्र मोकळाच ठेवा, फोन आणि दुरुस्त्या तो खातातच.