मदत हवी आहे : मागे जागा नसताना टेबल टेनिसमधील चॉप कसा शिकवावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आमचे एकमेव टेबल वर्गखोलीत असून त्याच्या दोन्ही टोकांमागे जेमतेम सहा-सहा फूट जागा उरते. बाहेर मांडावे, तर २.७ ग्रॅमचा चेंडू वाऱ्यापुढे टिकत नाही. नववीतील दोन मुलींना फटके मारण्यापेक्षा चेंडू परत करीत राहण्यात गोडी आहे, आणि तो संयम मोडून त्यांना आक्रमक करावे असे मला वाटत नाही. परंतु चॉपसाठी, म्हणजे चेंडू वरून खाली कापत उलटी फिरकी देऊन परतवण्यासाठी, बरेच मागे सरकून, चेंडू उतरताना कमरेच्या उंचीवर घ्यावा लागतो आणि आमच्याकडे तोवर पाठ भिंतीला टेकते. म्हणून मी पुश (टेबलाजवळून चेंडू हलकेच कापत ढकलणे) व ब्लॉक (बॅट नुसती धरून चेंडू अडवणे) यांवरच भागवतो. मात्र समोरून जोरदार टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरत येणारा चेंडू) आला, की पुश केलेला चेंडू उंच उडतो आणि पुढचा स्मॅश ठरलेलाच. भारताच्या टेबल टेनिसपटू मनिका बत्रा यांचा खेळ पाहून मुली बॅकहँडला लांब पिंपल्सचे (बाहेर आलेल्या लांब, मऊ दाण्यांचे) रबर मागत आहेत. ते आताच द्यावे का, आणि चॉपचा सराव या खोलीत कसा घ्यावा?

प्रतिसाद :

सर, रबराची घाई करू नये. लांब पिंपल्स समोरच्याचीच फिरकी बव्हंशी परत पाठवतात. त्यामुळे स्वतः फिरकी देणे व समोरची ओळखणे अंगवळणी पडेपर्यंत साधे रबरच बरे. जागेचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे : टेबलाचे एक टोक भिंतीला लावावे, म्हणजे दुसऱ्या टोकामागे सुमारे बारा फूट मिळतील. आपण भिंतीकडील अर्ध्या भागाच्या बाजूला उभे राहून टोपलीतील चेंडू एकामागून एक टॉपस्पिनने द्यावेत. मुलीने गुडघे वाकवून, बॅट वरून खाली व पुढे नेत ते कापावेत.

मुलींना फोरहँडचा हल्लाही अवश्य शिकवावा. २००३ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारे दक्षिण कोरियाचे जू से-ह्युक चॉपर असूनही संधी मिळताच फोरहँडने तुटून पडत. शिवाय दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघींचे मिळून १८ गुण झालेले नसतील, तर जलदगती नियम लागू होतो. मग सर्व्हिस स्वीकारणारीने तेरा वेळा चेंडू अचूक परतवला की गुण तिचा, आणि सर्व्हिस करणारीला केवळ चॉपवर निभावता येत नाही.